मास्कमधला पंखा

"ही आयडिया माझी बरं का!" माझा पेंटबॉलचा मास्क हातात घेऊन खांबेटेसर मोठ्या साहेबांना सांगत होते.

गेल्या वर्षी कंपनीच्या सहलीत मास्कच्या काचेवर वाफ जमली आणि माझी रंगाची गोळी चुकून सरांनाच लागली. "दिसलंच नाही, सर," म्हटल्यावर तेही हसले होते. म्हणून यंदा मी चार रविवार खर्चून मास्कमध्ये बॅटरीवरचा चिमुकला पंखा बसवला. सरांनी तो आजच पहिल्यांदा पाहिला.

खेळ सुरू झाला. पंखा मस्त चालला. टायरांच्या ढिगाआड लपलेले सर मला लख्ख दिसले. ते विरुद्ध टीमचे. पण मुद्दाम सरांवर नेम धरायची आमच्या ऑफिसात कुणाची छाती नाही. आणि 'दिसलं नाही' म्हणायची सोय मीच घालवून बसले होते.

मी नेम धरून ठेवला, हळूच पंखा बंद केला, दहा मोठे श्वास सोडले आणि काच धुरकटताच तीन गोळ्या झाडल्या.

"अगं, पंखा होता ना?" रंगाने माखलेले सर ओरडले.

"तोच बंद पडला, सर," मोठ्या साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले. "मूळ आयडियाच चुकली असणार."