यादीतलं नाव

प्रोजेक्ट मॅनेजमेंटची उमेदवारी करायला ती बांधकामावर रुजू झाली, त्याच आठवड्यात साहेबांनी धोक्यांच्या यादीत ‘जबाबदार’ म्हणून तिचं नाव टाकलं. तिला आभाळ ठेंगणं झालं. तिने लगेच त्या पानाचा फोटो बाबांना पाठवला.

महिन्याभराने तिने यादीत गवंड्यांच्या परांचीपुढे लाल खूण केली. सांधे पार ढिले झाले होते.

“अगं, लाल दिसलं की वरचे लोक काम थांबवतात,” साहेब हसले. “पिवळी कर. शिकशील हळूहळू.”

तिने पिवळी केली.

चौथ्या दिवशी परांची कोसळली. दोन गवंडी जागीच गेले.

“परांचीचं कोण बघत होतं?” चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं.

साहेबांनी यादीचं ते पान पुढे सरकवलं.

त्याच पानाचा फोटो बाबांनी फ्रेम करून घरात दर्शनी भिंतीवर लावला होता.