दोन साड्या होईपर्यंत

"मावशी, मी एवढंच विचारतेय. तीन ते पाच. त्या दोन तासांत काय झालं?"

रुक्मिणीबाईंनी मान वर केली नाही. शेठकडून मजुरीवर आलेली भरतकामाची साडी मांडीवर उलटी पसरून त्या लोंबते धागे कापत होत्या. "काय होणार बेटा? काम करत होतो. बोलत होतो."

अकरा दिवस हेच उत्तर. जयश्री नाशिकहून सुरतेला उतरली त्या दिवशी हेच, दशक्रियेला हेच. चंचलबाई, तिची आई, गेली तेव्हा नवागामच्या या खोलीत दोघीच होत्या. आई आणि तिची वीस वर्षांची मैत्रीण. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, चारच्या आधीच गेल्या असतील. रुक्मिणीबाईंनी शेजाऱ्यांना हाका मारल्या त्या पाचला. मधला वेळ कुणीतरी लपवत होतं, आणि ते कुणीतरी समोर बसून शांतपणे कात्री चालवत होतं.

"काय बोलत होता?"

"तुझीच गोष्ट."

"माझी?"

"तू फोनवर सांगायचीस ना तिला, पुस्तकातली. त्या दोन मैत्रिणींची. एक आजारी पडत जाते, दुसरी तिचं सगळं करते. दुसऱ्या दिवशी ती मला सांगायची."

"मग?"

"मग काय. मैत्रीण दूध घेऊन आली, इथवर आली आणि थांबली." कात्रीही थांबली. "ती नेहमी अशीच थांबायची, ऐन रंगात आल्यावर. मी विचारावं म्हणून. मी म्हटलं, नाटकं नको करू चंचल, मी नाहीच विचारणार, तूच सांगशील. अन् हट्टानं बघितलंच नाही तिच्याकडे. दोन साड्या झाल्या माझ्या, तेव्हा बघितलं."

जयश्रीला ओरडावंसं वाटलं. कुणावर, ते कळेना. अकरा दिवस तिनं गुन्हेगार शोधला होता आणि हाती आलं होतं हे.

"त्या दुधात विष होतं," ती तुटकपणे म्हणाली. "मैत्रीणच घालत होती. असल्या पुस्तकांत मैत्रीणच असते, मावशी. तिसाव्या पानावर कळतं."

रुक्मिणीबाईंनी तोंडावर हात ठेवला. डोळे मोठे केले. "माय वं! मैत्रीणच?"

ते इतकं खोटं होतं की जयश्री बघतच राहिली.

"तुला खरंच कळलं नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं होतं," त्या हाताआडून म्हणाल्या. "पण मी अशी दचकले की ती खूश व्हायची."

हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही.