बिनकडीचं दार

"कडी कुठंय?" मिस्त्रींनी नवं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि विचारलं.

आईने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने धाकट्याकडे. धाकट्याने छताकडे. भिंतीला धरायचे स्टीलचे दांडे आले होते, कमोड आला होता, पाय घसरू नये म्हणून खरबरीत फरशी आली होती. उंबरठा फोडून सपाट केला होता. काठी घेतलेला माणूस सहज आत जावा म्हणून दार रुंद केलं होतं. साबणासाठी बसल्या जागी हात पोचेल असा कोनाडाही होता. कडी मात्र कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

"धन्य आहात," मिस्त्री म्हणाले. "केस पांढरे झाले या कामात. बाथरूमची कडी विसरणारं घर पहिल्यांदाच बघतोय."

खरं तर विसरायला आधी सवय असावी लागते. या घराला कडीची सवयच नव्हती. धाकटा अगदी लहान असताना एकदा आत अडकला होता. त्याच्या रडण्याने बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खांद्याने दार तोडलं, पोराला कडेवर घेतलं आणि दार पुन्हा बसवताना कडी उपटून फेकून दिली. तेव्हापासून घरात एकच कायदा. आत गेलं की गायचं. आवाज आला तर बाहेरच्याने थांबायचं, नाही आला तर दार ढकलायचं. आई सिनेमातली जुनी गाणी म्हणायची. थोरली परीक्षा आली की इतिहासाचे धडे चालीत म्हणायची. धाकटा शीळ घालायचा. बाबांचं आणि सुरांचं तर सात जन्मांचं वैर. गाणं एकही येत नाही म्हणून त्यांनी स्वतःच एक ओळ रचली होती आणि रोज सकाळी ते ती रेकायचे, "आत मी आहे होऽ, आत मी आहे!" शेजाऱ्यांना त्या काळात गजर लावावा लागत नसे.

आता त्याच बाबांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं, आणि तेही आजच. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. समजायचं सगळं. समोर पेला धरून "हे काय?" विचारलं की ओठ हलायचे, हलत राहायचे, आणि मग ते भिंतीकडे मान फिरवायचे. पाय मात्र सुधारले होते. डॉक्टर म्हणाले होते, घरचं बाथरूम त्यांना एकट्याने वापरता येईल असं करा आणि घेऊन जा, नाहीतर इथून त्यांना शुश्रूषा केंद्रात हलवावं लागेल. म्हणून ही सगळी लग्नघाई. आईला मात्र फरशी आणि दांड्यांपेक्षा एकच ध्यास लागला होता. "एकदा माझ्यावर नुसतं ओरडू देत," ती म्हणायची, "जन्मात उलटून बोलणार नाही." यावर कुणाचाच विश्वास नव्हता, तिचासुद्धा.

"मी आणतो कडी," धाकटा म्हणाला. "बाबा आता गाणार कसे?"

हे त्याला बोलायचं नव्हतं. पण तोंडातून निसटलं ते निसटलं. त्याने पायात चपला सरकवल्या आणि तो पळाला. थोरली बाबांना आणायला निघाली.

कोपऱ्यावरचं दुकान नेमकं बंद होतं. त्यापुढच्या दुकानात बिजागऱ्या होत्या, कड्या नव्हत्या. धाकटा आणखी लांब गेला. त्यामुळे बाबा त्याच्या आधी घरी पोचले.

ते काठी टेकत सरळ नव्या दाराशी गेले. दांड्यावरून हात फिरवला. फरशी पायाने चाचपली. आई मागोमाग आत शिरू लागली तेव्हा त्यांनी तळहात पुढे केला. बाहेर.

"अहो, पडाल."

तळहात तसाच.

"बरं बाबा, होऊ दे तुमच्या मनासारखं." तिने दार लोटून घेतलं आणि ती बाहेर राखणीला उभी राहिली. आत अगदी शांत होतं. त्या शांततेने तिला रडू येऊ लागलं. मग टॉवेल कपाटातच राहिल्याचं आठवलं आणि ती खोलीकडे वळली. थोरली स्वयंपाकघरात मिस्त्रींना चहा देत होती.

नेमका तेव्हाच धाकटा धापा टाकत आला, कडीचं पाकीट मुठीत धरून. बाबा आलेत हे त्याच्या गावीही नव्हतं. आवाज नाही म्हणजे आत कुणी नाही. त्याने सवयीने दार ढकललं. ते बोटभर उघडलं.

आतून घसा खाकरल्यासारखा आवाज झाला. मग खरखरीत, तुटक, भलत्याच पट्टीत शब्द आले.

"आत... मी... आहे होऽ..."

धाकट्याने दार धाडकन ओढून घेतलं आणि दाराची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

"आत मी आहे होऽ, आत मी आहे!"

स्वयंपाकघरात थोरलीच्या हातून चहा सांडला. आई खांद्यावर टॉवेल टाकून खोलीच्या दारात खिळली होती. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आत तिसऱ्यांदा सुरुवात झाली, आता जरा जास्तच जोरात. सूर तेवढाच वाईट होता.

"आणली का कडी?" मिस्त्री ड्रिल घेऊन बाहेर आले. "द्या इकडे, बसवून टाकतो."

आईने टॉवेलने डोळे पुसले.

"परत देऊन ये रे ती," ती धाकट्याला म्हणाली. "आपल्या घरात कडी लागत नाही."