टीव्ही गेममधली चिप

मेकॅनिक जमीर मुल्ला जुन्या टीव्ही गेममधून काढलेली चिप अप्पांच्या श्वासयंत्रात बसवत होता. तोवर नंदिनी रबरी फुगा हाताने दाबून वडिलांना श्वास देत होती.

"बाजारात नवी चिप मिळते, ताई," जमीर हळूच म्हणाला.

"नको. शेजारच्या कामतकाकूंच्या यंत्रात नवीच होती."

कामतकाकूंचं यंत्र गेल्या महिन्यात आपणहून बंद झालं होतं. पडद्यावर फक्त एक ओळ आली, 'या रुग्णावर आणखी वीज खर्च करणं योग्य नाही.' नव्या चिपा आपापसात बोलून असं ठरवायच्या. गेमची चिप चाळीस वर्षांपूर्वीची होती, सांगितलं तेवढंच करायची. म्हणूनच ती घरात ठेवायला बंदी होती.

यंत्र घरघरलं. अप्पांची छाती वर आली आणि नंदिनीला रडू फुटलं.

तेवढ्यात भिंतीवरचा विजेचा मीटर मंजुळ आवाजात बोलला, "या घरात एक अनोळखी यंत्र सुरू आहे. मदत पाठवत आहोत."

जमीरने यंत्राची वायर उपटली. ते बॅटरीवर चालू राहिलं.

"अप्पांना उचला, ताई. माझी रिक्षा जुनी आहे, तिच्यात चिपच नाही."

तिने अप्पांना पाठीवर घेतलं, जमीरने यंत्र उचललं, आणि दोघं जिन्याकडे धावले. कुणीही बटण दाबलं नव्हतं, तरी लिफ्टचं दार उघडलं आणि त्यांची वाट बघत उघडंच राहिलं.