शेगडीजवळचा टवका

काळ्या ग्रॅनाइटची पूड चिकट रसायनात कालवून कारागिराने ओट्याच्या कडेचा, सिंकजवळचा टवका भरला. घासून गुळगुळीत केल्यावर तिथे काही तुटलं होतं हे सांगूनही पटलं नसतं.

"आता शेगडीजवळचा," तो म्हणाला आणि मी पुढे होऊन त्यावर बोट ठेवलं.

तो टवका ह्यांनी पाडलेला. वास्तुशांतीला जुन्या सवयीने नव्या ओट्याच्या कडेवर नारळ आपटला. नारळ शाबूत राहिला, ओटा फुटला. ह्यांच्या हयातीत मी त्यावरून किती टोमणे मारले! आता नजर धूसर झाल्यावर तोच टवका कामी आला. बोटाला खाच लागली की समोरच शेगडीचं बटण. घरात कुणाला कळलं नव्हतं. कळलं असतं तर लेकाने मला गॅसला हात लावू दिला नसता.

"तेवढा राहू दे," मी म्हणाले. "ह्यांची आठवण आहे."

"आजी, आठवण भिंतीवर लावतात, ओट्यावर नाही," कारागीर हसला.

दारात उभी असलेली सून हसली नाही. ती माझ्या बोटाकडे पाहत होती. ते खाचेतच होतं. मी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता.

"दादा, तो सोडा," ती म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "आई, सोमवारी डोळे दाखवून येऊ. तोवर तुमच्या लेकाला मी काही सांगत नाही. टाका चहा, मी इथेच आहे."

मी खाच चाचपली आणि बटण फिरवलं. आज चोरून नव्हे.