टेस्टिंगची ओळ

"बस," भीमराज म्हणाला आणि सुमनबाईने ओळ तिथंच सोडून दिली. माईक स्टुलावर ठेवला, पिठाचे हात पदराला पुसले आणि ती आत वळली. तव्यावरची भाकरी करपली होती. एका मशीनमागे एक भाकरी जायचीच, हे त्या घरात आता कुणाच्या लक्षातही येत नव्हतं.

केडगावातल्या त्या पुढच्या खोलीत भीमराज गिटारचे अँप्लिफायर बनवायचा. गायन पार्ट्या, ऑर्केस्ट्रा, बेंजोवाले, सगळे त्याच्याकडे येत. त्याला स्वतःला मात्र ना वाजवता येई, ना गाता. म्हणून मशीन तयार झालं की तो आत बायकोला हाक मारायचा, "ये गं, ओळ म्हन." ओळही ठरलेली. 'उजाडलं गं बाई, आता दार उघड.' सुरुवात अगदी खालच्या सुरात आणि 'दार'वर आवाज एकदम वर चढायचा. खाली घरघर होते का, वर आवाज फाटतो का, दोन्ही त्या एका ओळीत कळायचं. कळलं की झालं त्याचं काम.

ओळ सुमनबाईच्या वडिलांची. रखमाजी शेवगावकडे गायन पार्टी चालवायचे. गाणी स्वतःच जुळवायचे, पण अक्षरओळख नसल्यामुळे कुठं उतरवून ठेवायचे नाहीत. हे गाणं त्यांनी लेकीला समोर बसवून शिकवलं होतं. लग्नाआधी ती ते स्टेजवर गायची तेव्हा बसलेली माणसं उठून उभी राहायची. पुढं रखमाजी गेले, पार्टी पांगली आणि गाणं तेवढं सुमनबाईपाशी उरलं. संसाराच्या सुरुवातीला तिला वाटायचं, एखाद्या दिवशी हा माणूस मधेच थांबवायला विसरेल आणि आपण पुढचं सगळं म्हणून टाकू. मग वाटायला लागलं, निदान एकदा तो विचारेल तरी, पुढं काय आहे म्हणून. पण वाट बघूनही माणूस थकतं. अलीकडे ती ओळ म्हणायची ती कुणी नाव विचारल्यावर सांगावं तशी.

धंदाही थकला होता. मुंबईची तयार, चकचकीत मशिनं नगरच्या दुकानात मिळायला लागली होती. हिवाळा सरला की शटर ओढायचं, असं भीमराज बोलून बसला होता. तेव्हा लेक मधे पडली. प्रज्ञा नगरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. बाहेरच्या देशातल्या कंपन्या म्हणे आपल्या मशीनचा आवाजच इंटरनेटवर ऐकायला ठेवतात.

"नुसता फोटो बघून कोण घेणार, बाबा? आपणही आवाज ठेवू."

"आवाज काय लोनच्याची बरनी हाय का, ठिवायला?" भीमराज करवादला. पण मशीन दिलं.

प्रज्ञाचा चुलतभाऊ पंकज ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याने येऊन वाजवलं, टेपवर उतरलं आणि प्रज्ञाने सायबर कॅफेत बसून ते कॉम्प्युटरवर चढवलं. चढवताना लाइन इतक्या वेळा तुटली की कॅफेवाल्याने शेवटी तिला खुर्चीवर घ्यायला उशी आणून दिली. भीमराज एकदा जाऊन ऐकून आला. "त्या डबड्यात माजं मशीन डासावानी वाजतंय," एवढंच म्हणाला आणि पुन्हा त्याने विषय काढला नाही.

बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका दुपारी प्रज्ञा चप्पल न काढताच आत आली. नागपूरच्या सहादेव नावाच्या गायन पार्टीवाल्याचं उत्तर आलं होतं. तिने उभ्याउभ्याच वाचलं. मशीनचा आवाज स्वच्छ आहे. पण गिटार थांबल्यावर शेवटी एक बाई एक ओळ गातात. ते पूर्ण गाणं याच मशीनवर गाऊन पाठवा. पार्टीची सगळी मशिनं तुमच्याकडूनच घेऊ.

पंकजचं वाजवून झाल्यावर भीमराजने सवयीने सुमनबाईला हाक मारली होती. टेप चालूच राहिला होता.

"मी मुद्दाम काढलं नाही ते," प्रज्ञा म्हणाली.

भीमराजने बायकोकडे बघितलं. मग उठला. त्याने स्वतः खुर्ची आणून ठेवली, माईक शर्टाने पुसला, आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद केला.

"बैस. आज मी मदी बोलनार न्हाई," तो म्हणाला.

सुमनबाईने तवा उतरवला, स्टोव्ह बंद केला. किती उशिरा आला होता हा दिवस, पण आला होता. तिने माईक हातात घेतला. टेप फिरू लागला.

'उजाडलं गं बाई, आता दार उघड.'

'दार'वर आवाज असा चढला की प्रज्ञाच्या अंगावर काटा आला. ओळ संपली. भीमराजने ओठ घट्ट मिटून घेतले होते. सुमनबाईने श्वास घेतला, तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. तिने पुन्हा पहिल्यापासून ओळ धरली. पुन्हा तिथंच आली. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून म्हटली. खोलीत फक्त टेपची खरखर राहिली.

"पुढचं म्हन की गं," भीमराज हळूच म्हणाला.

सुमनबाईने माईक मांडीवर ठेवला.

"अवो, हितं तुमी 'बस' म्हनता," ती म्हणाली. "त्याच्याम्होरं काय हुतं, ते मला आता आठवत न्हाई."