कुंदाच्या डोळ्यांतले कण

दवाखान्यात शैला समोर बसून माहेरच्या गमती सांगत होती. कुंदा हसत होती, पण पडद्यावरची रेघ काही हलेना. तिच्या डोळ्यांत औषध भरलेले सूक्ष्म कण सोडले होते. मनात खळबळ उडाली तरच ते फुटायचे आणि रेघ वर चढायची.

तेवढ्यात तिचा नवरा दिगंबर गाडी लावून आत आला. रेघ एकदम उसळली.

"वा! यजमान दिसले आणि औषध सुटलं," डॉक्टर खूश झाले. "किती जीव आहे हो!"

"बघा ताई, तुम्हाला नाही जमलं ते!" दिगंबरने कुंदाच्या खांद्यावर हात ठेवला. रेघ आणखी वर चढली.

आज इथूनच शैला धाकट्या बहिणीला परस्पर माहेरी, मिरजेला नेणार होती, कायमचं.

"वर्षभर रोज यांच्यासमोर बसा," डॉक्टरांनी कुंदाला बजावलं. "औषध चुकलं, तर नजर जाईल."

"डॉक्टर, भीतीनेसुद्धा फुटतात का हे कण?" शैलाने विचारलं.

"फुटतात की. पण इथे कोण कुणाला घाबरतंय?"

दिगंबर मोठ्याने हसला. त्याच्या पाठोपाठ कुंदाही हसली. मग म्हणाली, "ताई, तू हो पुढे. मी यांच्याबरोबर जाते."